हौसेचा बाजार आणि रानांतील मरी

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत माझ्या पुतण्याच्या धाकट्या मुलानें घरांत एक वाद उपस्थित केला. त्याच्या एका वर्गबंधूकडे इग्वाना नांवाचा, सरड्यासारखा परंतु चांगला हातभर लांबीचा हिरवा प्राणी आहे. तसाच एखादा आपल्याहि घरीं असावा, असा त्याचा हट्ट. लगेच घरांत तीन पक्ष झाले. आमच्या वहिनींनीं "असलें जनावर माझ्या स्वयंपाकघराच्या आसपास दिसतां कामा नये" असा निकाल दिला. मुलाच्या वडिलांनीं किंमत विचारली, आणि ती ऐकून ते गप्प बसले. आईनें शाळा सुरू झाल्यावर त्याला खावयास कोण घालणार, हा व्यवहारी मुद्दा काढला. तिन्ही आक्षेप रास्तच होते. परंतु जो प्रश्न सर्वांच्या आधीं विचारावयास हवा होता, तो कोणाच्याच तोंडून निघाला नाहीं. हा प्राणी आला कोठून, वाटेंत तो कोणकोणाच्या शेजारीं राहिला, आणि येतांना आपल्या अंगावर काय घेऊन आला? मुलाला नुसतें "नाहीं" म्हणण्यापेक्षां या प्रश्नाचें उत्तर शोधून त्याला सांगावें, म्हणून मीं कांहीं वाचन केलें. त्यांत जें हातीं लागलें तें वडील माणसांनींहि जाणून घेण्यासारखें आहे, म्हणून हा लेख.

पांखरें व जनावरें हौसेनें पाळण्याची चाल कांहीं नवी नव्हे. बाणभट्टाच्या 'कादंबरी'त शूद्रक राजाच्या सभेंत एक चांडालकन्या पिंजऱ्यांतला पोपट घेऊन येते, आणि पुढील सारी कथा तो पोपटच सांगूं लागतो. पण तो पोपट विंध्याटवींतला होता. त्याच्या रानांत आणि राजाच्या उपवनांत समुद्र आडवा नव्हता, आणि चार खंडांतील जीव एका छपराखालीं कोंडलेल्या दुकानांतूनहि तो आला नव्हता. आजचा प्राणी मात्र विमानानें येतो. आज व्हिएतनामांतील ओढ्यांत असलेला जीव थोड्याच दिवसांत जर्मनींतील एखाद्या मुलाच्या कांचेच्या पेटींत जाऊन पडतो. फरक काय तो येथें आहे, आणि त्याचें फळ कसें मिळतें हें पाहावयाचें असेल तर हॉलंडांतील एका लहानशा रानाची हकीकत ऐकावी.

हॉलंडच्या दक्षिण टोकाला, मास्ट्रिख्ट शहराजवळ, बुंडरबॉस नांवाचें एक ओलसर, झऱ्यांचें रान आहे. तेथें सॅलमँडर नांवाचा एक प्राणी राहत असे. या प्राण्याला आपल्या भाषेंत नांव नाहीं, कारण तो आपल्या प्रांतांत नाहीं. भारतांत त्याचे भाईबंद काय ते ईशान्येकडील डोंगराळ मुलखांत सांपडतात. दिसावयास तो पालीसारखा, परंतु जातीनें बेडकाचा जवळचा नातलग. म्हणजे खवले नसलेली मऊ ओली कातडी, आणि आयुष्याचा कांहीं भाग पाण्यांत, कांहीं जमिनीवर. हॉलंडांतील जात काळीभोर असून तिच्या अंगावर हळदीसारखे पिवळेधमक ठिपके असतात. तिला 'अग्नि-सॅलमँडर' म्हणतात. ओल्या ओंडक्यांत तो लपून बसे, लोक तो ओंडका चुलींत घालीत आणि चटका बसतांच तो बाहेर धांवे. त्यावरून हा प्राणी अग्नींतूनच जन्मतो, अशी युरोपांत जुनी समजूत होती.

त्या रानांत या प्राण्यांची दरवर्षीं नियमानें मोजणी होत असे. २००९ सालीं मोजणींत २४१ प्राणी दिसले होते. २००८ सालापासूनच अधूनमधून मेलेले सॅलमँडर आढळूं लागले होते. २०११ सालीं सारें रान धुंडाळून अवघे चार दिसले. ओढे तेच, पाऊस तोच, झाडेंहि तींच; कोणी विष टाकलेलें नाहीं, कोणी शिकार केलेली नाहीं. जे थोडे जिवंत हातीं लागले त्यांतील ३९ प्राणी वंश राहावा म्हणून उचलून घरांत आणून ठेवले, तर त्यांतलेहि कांहीं तसेच मरूं लागले.

बेल्जममधील गेंट विद्यापीठांत आन मार्टेल या विदुषींनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हें कोडें सोडविलें. मेलेल्या प्राण्यांच्या कातडीवर त्यांना एक बुरशी आढळली, आणि २०१३ सालीं त्यांनीं तिला 'सॅलमँड्रिव्होरान्स' असें नांव दिलें. आपल्याकडील 'पन्नगाशन' या नांवाप्रमाणेंच हें नांव बनलेलें आहे. 'सॅलमँडर खाऊन टाकणारी' हा त्याचा सरळ अर्थ, आणि तो यत्किंचितहि अतिशयोक्तीचा नाहीं. सॅलमँडर नुसत्या फुप्फुसानें नव्हे, तर कातडीनेंहि श्वास घेतो, पाणी पितो व क्षार राखतो. ती कातडीच ही बुरशी जागोजाग पोखरते. अंगावर बारीक बारीक जखमा पडतात, प्राणी सुस्त होतो, आणि दोन-तीन आठवड्यांत मरतो.

आतां ही बुरशी आली कोठून? यासाठीं संशोधकांनीं चार खंडांतील पांच हजारांवर उभयचर प्राणी तपासले. युरोपांतील मरीचा मुलूख सोडला तर ती फक्त आशियांत सांपडली; थायलंड, व्हिएतनाम व जपान या देशांतील सॅलमँडर आणि न्यूट यांच्या अंगावर. एका वस्तुसंग्रहालयांत दीडशें वर्षांहून जुना असा जपानकडील एक न्यूट बाटलींत घालून ठेवलेला होता. त्याच्याहि कातडींत तिचा अंश मिळाला. हे आशियाई प्राणी मात्र धडधाकट होते! त्यांची आणि या बुरशीची ओळख सुमारें तीन कोटी वर्षांची असावी असा अंदाज आहे. इतक्या काळांत जे मरावयाचे ते मेले आणि उरले त्यांनीं तिच्याशीं जमवून घेतलें; आपल्या जुन्या वाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या भाडेकरूसारखी ती तेथें नांदते. युरोपांतील प्राण्यांची मात्र तिच्याशीं मुळींच ओळख नाहीं. प्रयोगशाळेंत युरोपांतील गटाच्या ४४ प्राण्यांस ती लावून पाहिली, तों ४१ मेले.

पुढचा धागा बाजारांत जाऊन पोंचतो. आशियांतील हे न्यूट फार सुंदर असतात. वरून काळे, पोटाशीं निखाऱ्यासारखे लाल. खाणें थोडें, आवाज मुळींच नाहीं, किंमत अल्प. त्यांतील एकाच चिनी जातीचे तेवीस लाखांहून अधिक जीव २००१ ते २००९ या काळांत एकट्या अमेरिकेंत आयात झाले. युरोपांतहि हीच हौस. पाळलेल्या प्राण्यांची तपासणी केली तेव्हां व्हिएतनामच्या एका जातीच्या न्यूटांवर ही बुरशी मिळाली, आणि त्यांतील एक २०१० सालीं युरोपांत आणलेला होता. म्हणजे पेटींतला पाहुणा ठणठणीत, आणि त्याच्या पेटींतलें पाणी मागल्या दारच्या ओढ्यांत गेलें कीं ओढ्यांतला यजमान मेला.

या ठिकाणीं मला प्लेगच्या सालांची आठवण होते. माझी स्वतःची नव्हे, आजोबांच्या तोंडून ऐकलेली. १८९६ सालीं मुंबईंत आणि पुढें पुण्यांत तो रोग आला, तेव्हां घरांत "उंदीर पडला" म्हणजे पुढचें मागचें न पाहतां घर सोडून माळावर झोंपड्यांत जावयाचें, हें लहान पोरालाहि कळत असे. तो बिचारा उंदीर निदान आधीं स्वतः मरून इशारा तरी देई. दुकानांतला न्यूट इशारा देत नाहीं. विकत घेणारा डोळे, कातडी, चपळाई पाहतो, "निरोगी आहे" म्हणतो, आणि त्याचें म्हणणें खरेंहि असतें.

बेल्जममधील रोबेरव्हील या गांवाजवळच्या रानांत २०१४ सालीं हीच मरी शिरली. तेथें पहिल्या दिवसापासून संशोधकांचें लक्ष होतें. सहा महिन्यांत शंभरांतले नव्वद सॅलमँडर गेले. दोन वर्षांनीं शेंकडा एकहि उरला नाहीं. मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट पुढेंच आहे. सामान्यतः रोग्यांची संख्या घटली कीं सांथ आपोआप ओसरते, कारण एकाकडून दुसऱ्याकडे जावयास तिला दुसरा उरत नाहीं. येथें तसें झालें नाहीं. ही बुरशी डोंगरी न्यूटांच्या अंगावर त्यांना न मारतां टिकून राहते. तिचे बीजाणु पाण्यावर तरंगतात, ओल्या मातींत राहतात, आणि पाणपक्ष्यांच्या पायांना चिकटून दुसऱ्या तळ्यावर जाऊं शकतात. एकदां रोगांतून वाचलेल्या सॅलमँडरास दुसऱ्यांदा तो होऊं नये, अशी शक्ति येते काय, हेंहि पाहिलें. ती येत नाहीं. मग ही मरी जर्मनींत पसरली, आणि २०१८ सालीं स्पेनांत कॅटलोनियाच्या एका तळ्यावर, जुन्या मरीच्या मुलखापासून शेंकडों कोस दूर, अचानक उपटली. एवढें अंतर न्यूट चालून जात नाहीं आणि बदकहि सहसा उडून जात नाहीं; तें मनुष्यच ओलांडून देतो.

रोगाला औषध नाहीं असें मात्र नव्हे. या बुरशीला थंडी मानवते. पंचवीस अंश उष्णतेंत दहा दिवस प्राणी ठेवला तर ती मरते व प्राणी बरा होतो. अग्नींतून जन्मतो म्हणून ज्याची ख्याति, त्याला शेवटीं ऊबच तारते, हा योग मोठा गमतीचा आहे. परंतु पेटींतल्या चार प्राण्यांना ऊब देतां येईल, रानाला कशी देणार?

अमेरिकेनें या बाबतींत थोडें शहाणपण दाखविलें. सॅलमँडरांच्या जितक्या जाति त्या देशांत आहेत तितक्या जगांत कोठेंहि नाहींत. तेव्हां २०१६ च्या जानेवारींत २० गणांतील २०१ जातींची आयात तेथील सरकारनें बंद केली. त्या सुमारास तेथील अकरा हजारांहून अधिक वन्य उभयचर तपासले, त्यांत एकावरहि ही बुरशी मिळाली नाहीं. चोर आल्यावर कुलूप घालणारे पुष्कळ. येथें चोर शेजारच्या आळींत असतांनाच कुलूप घातलें गेलें.

मात्र याच अमेरिकेनें तेरा वर्षांपूर्वीं याच बाजारापायीं दुसरा एक धडा घेतला होता, आणि तो मनुष्यांच्या घरांतला होता. २००३ च्या एप्रिलांत घाना देशांतून सुमारें आठशें लहान प्राणी टेक्सास प्रांतांत उतरले. त्यांत मांजराएवढे गॅम्बियन उंदीर, खारी, साळिंदरें वगैरे होतीं. सारीं हौसेनें पाळण्यासाठीं! त्यांतील कांहीं प्राणी विकत विकत शिकागोजवळच्या एका व्यापाऱ्याकडे गेले, आणि तेथें त्यांचा मुक्काम प्रेअरी डॉग नांवाच्या प्राण्यांच्या शेजारीं पडला. नांवांत श्वान असला तरी हा खारीच्या कुळांतला, अमेरिकेच्या गवताळ माळावर बिळें करून राहणारा गुबगुबीत प्राणी आहे. आफ्रिका व अमेरिका यांच्यामध्यें अटलांटिक महासागर आहे. त्या दुकानांत दोघांमध्यें जाळीचा एक पडदा होता, इतकेंच. मे महिन्यांत विस्कॉन्सिन प्रांतांतील एका तीन वर्षांच्या मुलीला तिच्या घरच्या नव्या प्रेअरी डॉगनें चावा घेतला. ताप आला, अंगावर फोड उठले. जून संपेपर्यंत सहा प्रांतांत मिळून ४७ माणसांस तोच रोग झाला. तो आफ्रिकेंतील 'मंकीपॉक्स', ज्याला आतां एमपॉक्स म्हणतात. आपल्या देवीच्या रोगाचाच भाऊबंद. आफ्रिकेबाहेर माणसांत तो त्याच वेळीं प्रथम दिसला.

सुदैवानें त्यांत कोणी दगावलें नाहीं. पण एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. आमच्या पिढीच्या दंडावर देवी काढल्याचे गोल वण आहेत, आणि देवीची लस या रोगापासूनहि बरेंच रक्षण करते. १९८० सालीं देवीचा रोग जगांतून गेल्याचें जाहीर झालें, टोंचणें बंद झालें, आणि आज घरांतल्या चाळिशीच्या आंतील कोणाच्याहि दंडावर तो वण नाहीं. म्हणजे ज्यांना विचित्र प्राणी पाळण्याची हौस, नेमकें त्यांच्याच अंगीं तें संरक्षण नाहीं.

आतां आपल्याकडे वळूं. सॅलमँडरांची बुरशी नवी आहे, परंतु तिची एक थोरली बहीण आहे. ती बेडकांवर पडते. २०१९ सालच्या एका मोठ्या अभ्यासानुसार तिच्यामुळें निदान ५०१ उभयचर जाति घटल्या, आणि त्यांतील ९० सृष्टींतून नाहींशा झाल्या असाव्यात. तिचा सर्वांत मारक वाण विसाव्या शतकाच्या आरंभीं पूर्व आशियांत, कोरियाच्या बाजूला निघून मनुष्याच्या व्यापाराबरोबर जगभर गेला, असें २०१८ सालच्या संशोधनानें दाखविलें. सह्याद्रीच्या उत्तर भागांतील बेडकांवरहि या बुरशीचा अंश सांपडला आहे. तें संशोधन २०१३ सालीं प्रसिद्ध झालें. येथें मिळालेला वाण आशियांतीलच जुना असून, बेडूक ढिगानें मेल्याचें तेथें दिसलें नाहीं. हें ऐकून समाधान वाटतें, पण त्याचा दुसरा अर्थहि मनांत येतो. आमच्या महाबळेश्वर-आंबोलीच्या पठारांवरील बेडकांची जर स्थानिक बुरशीशीं जुनी तडजोड झाली असेल, तर परदेशी वाण घेऊन येणारा एक रंगीत बेडूक ती मोडावयास पुरेसा आहे. आषाढांत त्या पठारांवर रात्रभर जो आवाज चालतो तो ज्यांनीं ऐकला असेल, त्यांना मी काय म्हणतों तें कळेल.

कायदा आपल्याकडे आहे. परदेशांतून येणाऱ्या जनावरांस विलग ठेवून तपासण्याचा कायदा तर प्लेगच्याच काळांतला, १८९८ सालचा आहे. आपले देशी राघू, मैना, कांसवें पाळणें हें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें निषिद्ध आहे. ही गोष्ट अजून कित्येक सुशिक्षित घरांतून माहीत नसते, आणि ओटीवरच्या पिंजऱ्यांतला राघू "आजीच्या वेळचा" म्हणून तसाच राहतो. विदेशी प्राण्यांविषयीं कायदा बराच काळ मूक होता. २०२० सालीं सरकारनें अशा प्राण्यांची माहिती मालकांनीं आपण होऊन कळवावी असें सांगितलें, २०२२ च्या दुरुस्तीनें आंतरराष्ट्रीय करारांतील जाति कायद्यांत आल्या, आणि २०२४ च्या नियमांनीं त्यांची नोंदणी आवश्यक झाली. हें चांगलेंच झालें. परंतु नोंदवहींत प्राण्याचें नांव लिहिलें म्हणून त्याच्या कातडीवरची बुरशी पुसली जात नाहीं. शिवाय जे प्राणी बँकॉकहून येणाऱ्या उतारूंच्या पेट्यांत कपड्यांखालीं कोंबलेले मुंबईच्या विमानतळावर सांपडतात, ते कोणत्या नोंदणींतून अगर तपासणींतून गेलेले असतात? जे सांपडत नाहींत ते तर सरळ दुकानांत जातात.

शेवटीं एक गोष्ट मला भीत भीतच लिहावी लागत आहे, कारण ती आपल्या घरांतील एका चांगल्या संस्काराच्या आड येते. पिंजऱ्यांतला जीव मोकळा करणें हें आपण पुण्य समजतों. हौस ओसरली, प्राणी मोठा झाला, वास येऊं लागला, कीं घरांतील वडील माणूस म्हणतें, "बिचाऱ्याला कशाला कोंडतां? देवळाच्या तळ्यांत सोडून द्या." लाल कानांचीं अमेरिकन कांसवें अशींच तर आमच्या तळ्यांतून येऊन पोंचलीं आहेत. सोडणाऱ्याच्या मनांत दयाच असते. पण त्या एका जीवाबरोबर त्याच्या अंगावरचे सगळे बिनबोलावलेले सोबती तळ्यांत उतरतात, आणि तळ्यांतले जीव त्यांना ओळखत नाहींत. विदेशी प्राणी घरांत नकोसा झाला तर तो जाणत्या पशुवैद्याकडे किंवा वनखात्याच्या माणसांकडे द्यावा. नदींत, विहिरींत, रानांत सोडूं नये.

इतकें सारें मीं मुलाला दोन-तीन संध्याकाळीं सांगितलें. बुंडरबॉसचे चार सॅलमँडर त्याच्या मनाला लागले असावेत, कारण इग्वानाचा विषय त्यानें पुन्हां काढला नाहीं. मात्र त्याच्या खोलींत रंगीत माशांची एक कांचेची टाकी आहे, तिचें पाणी तो दर रविवारीं बादलींत काढून वाड्यामागच्या ओढ्यांत ओततो, हें मला ठाऊक नव्हतें. तें त्यानें आपण होऊनच सांगितलें, आणि विचारलें, "मग आजोबा, हें पाणी कोठें ओतूं?" मोरीमध्यें, असें मीं सांगितलें, आणि टाकींतले गोटे व जाळी उन्हांत खडखडीत वाळवून मगच दुसरीकडे न्यावयाची. गेल्या रविवारीं त्यानें तसें केलें. मोरी त्यानेंच धुवावी, ही अट वहिनींनीं घातली आहे.